संगणक हलका झाला तेव्हा काय सुटले?

एप्रिल १९८१ मध्ये अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे भरलेल्या संगणक-जत्रेत ‘ऑस्बोर्न-१’ नावाचे एक यंत्र मांडण्यात आले होते. बंद केल्यावर ते शिवणयंत्राच्या पेटीसारखे दिसे. झाकण उघडले की झाकणाच्या आतल्या बाजूस कळफलक, समोर दोन फ्लॉपी आणि त्यांच्या मधोमध पाच इंची पडदा. जाहिरातीत त्याला ‘सोबत नेता येणारा संगणक’ म्हटले होते. वजन होते सुमारे ११ किलो, म्हणजे आपण गिरणीत दळणाचा जो डबा नेतो, साधारण तेवढे. डबा सोबत नेता येतोच. फक्त वाटेत हात बदलावा लागतो.

ऑस्बोर्नमध्ये बॅटरी नव्हती. जिथे जाल तिथे भिंतीतला प्लग शोधायचा. पाच इंची पडद्यावर एका ओळीत ५२ अक्षरे मावत. कचेरीतल्या कामासाठी ८० अक्षरांची ओळ लागे, म्हणून उरलेली अक्षरे पाहण्यासाठी पडद्याची ‘खिडकी’ डावी-उजवीकडे सरकवावी लागे. एवढे सगळे सोसून लोकांनी तो घेतला, कारण १,७९५ डॉलर किमतीत संगणक आणि कामापुरत्या आज्ञावल्या, दोन्ही मिळत; आणि विमानातल्या आसनाखाली तो बसत असे. पेटीचा आकार ठरवतानाच आसनाखालची जागा विचारात घेतली होती. यंत्राचा आराखडा ली फेल्सेनस्टाइन यांचा होता. कंपनीचे मालक अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचे बालपण तमिळनाडूत तिरुवण्णामलै येथे गेले होते आणि २००३ साली त्यांचे निधन झाले तेही कोडाईकनाल येथे. त्यांची कंपनी मात्र सप्टेंबर १९८३ मध्येच दिवाळखोरीत निघाली.

आजचा बारीक लॅपटॉप किलो-सव्वा किलोचा असतो. म्हणजे चार दशकांत वजन दहाव्या हिश्श्यावर आले. या घटीकडे बहुधा ‘तंत्रज्ञान सुधारले’ एवढ्या एका वाक्यात पाहिले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. प्रत्येक टप्प्यावर यंत्र हलके करण्यासाठी काही ना काही खाली ठेवावे लागले. कधी पडदा, कधी वेग, कधी कळांची खोली, तर कधी यंत्र स्वतः उघडून दुरुस्त करण्याची सोय. काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे कोणीतरी ठरवले आणि त्याचा परिणाम वापरणाऱ्याने भोगला. शाळेसाठी किंवा घरासाठी लॅपटॉप घेताना आपल्यासमोर येणारा प्रश्नही हाच असतो. म्हणून हा इतिहास थोडा तपशिलात पाहू.

मुळात ही कल्पना शिक्षणातून आलेली आहे. १९६८ साली अ‍ॅलन के हा तरुण संशोधक सीमोर पेपर्ट यांचे मुलांबरोबरचे काम पाहून आला. मुले ‘लोगो’ या भाषेत संगणकाला आज्ञा देत होती. के यांच्या मनात आले की मुलांच्या हाती द्यायचा तर संगणक वहीएवढाच हवा. पुढे झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात असताना, १९७२ साली, त्यांनी ‘सर्व वयाच्या मुलांसाठी’ असलेल्या एका वैयक्तिक संगणकाविषयी निबंध लिहिला. त्या काल्पनिक यंत्राचे नाव ‘डायनाबुक’. वजन चार पौंडांहून कमी, म्हणजे पावणेदोन-दोन किलो, जाडी पाऊण इंच, सपाट पडदा, किंमत ५०० डॉलरच्या आत. आपल्याकडची दगडी पाटी डोळ्यांसमोर आणा, त्याहून थोडी मोठी आणि जाड. त्या वेळी संगणकाला कपाटाएवढी जागा लागे, त्यामुळे के यांनी केला तो पुठ्ठ्याचा नमुना. पण पुढच्या साऱ्या यंत्रांना मोजायची पट्टी त्या पुठ्ठ्याने आखून दिली. आणि हेही लक्षात ठेवण्यासारखे आहे की त्या पट्टीवर किंमत हाही एक माप होता. पुढे तो पुष्कळांच्या विस्मरणात गेला.

ऑस्बोर्ननंतर दोन वर्षांच्या आत दोन अगदी वेगळी यंत्रे बाजारात आली. त्यांची तुलना वर्गात करण्याजोगी आहे.

पहिले १९८२ चे ‘ग्रिड कंपास’. ब्रिटिश आरेखक बिल मॉग्रिज यांनी त्याला शिंपल्यासारखी उघडझाप करणारी रचना दिली, म्हणजे वरच्या झडपेत पडदा आणि खालच्या भागात कळफलक. आज आपण लॅपटॉप म्हणतो तो याच घडीचा. पेटी मॅग्नेशियमच्या मिश्रधातूची. ती आतली उष्णताही बाहेर वाहून नेई. पडदा विद्युत्-प्रदीप्तीचा, पिवळसर-नारिंगी प्रकाशाचा, सुबक. साठवणुकीसाठी फिरणारी चकती नव्हती. चुंबकीय ‘बुडबुड्यां’ची स्मृती होती, त्यामुळे हलणारा भाग नाही आणि धक्क्याने बिघडण्याची भीती कमी. अमेरिकेच्या अंतराळयानांतून हे यंत्र गेले ते काही उगीच नाही. पण वजन सुमारे पाच किलो, किंमत ८,१५० डॉलर, आणि तो पडदा व ती स्मृती इतकी वीज खात की पहिल्या यंत्रात बॅटरी दिलेलीच नव्हती. सुंदर, मजबूत आणि भिंतीला बांधलेले.

दुसरे १९८३ चे ‘टीआरएस-८० मॉडेल १००’. जपानमध्ये क्योसेरा कंपनीने बनवलेले आणि अमेरिकेत रेडिओ शॅकच्या दुकानांतून विकले गेलेले. पडद्यावर आठच ओळी, प्रत्येकी ४० अक्षरांच्या. पडदा द्रवस्फटिकाचा, म्हणजे गणनयंत्राच्या पडद्यासारखा. स्वतः प्रकाश न देणारा, बाहेरचा उजेड वापरणारा. झडप नाही, चकती नाही. पण वजन दीड किलोच्या आत, आणि साध्या चार पेन्सिल सेलवर ते सुमारे २० तास चाले. सेल संपले तर कोपऱ्यावरच्या दुकानातून नवे आणावेत. कळफलक मात्र पूर्ण आकाराचा आणि चांगला होता. बातमीदारांनी ते डोक्यावर घेतले, कारण त्यांना चित्रे काढायची नव्हती. मजकूर लिहून दूरध्वनीच्या तारेवरून कचेरीत पाठवायचा होता.

या दोघांत ‘पुढारलेले’ कोणते? ग्रिड, असेच बहुतेक इतिहासकार सांगतील. आमचे मत थोडे वेगळे आहे. ग्रिडने आकार दिला हे खरे, पण कोणत्या कामासाठी काय सोडता येईल याचा नेमका विचार मॉडेल १०० मध्ये दिसतो. त्यातली प्रत्येक उणीव ज्याला सोसायची होती, त्याला ती जाणवतच नव्हती.

मॉडेल १०० ला २० तास कसे मिळाले, याचे उत्तर दोन गोष्टींत आहे. द्रवस्फटिकाचा पडदा प्रकाश निर्माण करत नाही, फक्त अडवतो किंवा सोडतो. त्यामुळे त्याला अत्यल्प ऊर्जा पुरते. आणि त्याचा प्रोसेसर ‘सीमॉस’ पद्धतीचा होता. या पद्धतीत ट्रान्झिस्टर स्थिती बदलताना तेवढी वीज लागते. नुसते बसून राहताना जवळजवळ नाही. १९८५ साली तोशिबाने ‘टी-११००’ हा चार किलोंचा लॅपटॉप आणला. त्यातही सीमॉस प्रोसेसर, मोठा द्रवस्फटिक पडदा आणि आत बसवलेली बॅटरी होती. शिवाय कचेरीतल्या आयबीएम संगणकाच्या आज्ञावल्या त्यावर चालत. १९८८ साली जाहीर झालेल्या जपानी एनईसीच्या ‘अल्ट्रालाइट’ने वजन दोन किलोंवर आणले, त्यासाठी फ्लॉपी आणि हार्ड डिस्क, दोन्ही काढून टाकले. माहिती राही ती बॅटरीच्या आधारावर जिवंत असलेल्या स्मृतीत. बॅटरी पुरती उतरली की माहितीही गेली. त्याच्या मालकाला चार्जर घरी विसरणे परवडणारे नव्हते.

आता बॅटरीकडे वळू. कारण पातळ लॅपटॉपचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर बॅटरीच्या रसायनाचा इतिहास आहे.

एक किलो शिसे-आम्ल बॅटरीत सुमारे ३० ते ४० वॉट-तास ऊर्जा मावते. निकेल-कॅडमियममध्ये ४० ते ६०. निकेल-धातू-हायड्राइडमध्ये ६० ते १००. लिथियम-आयनची सुरुवात शंभराच्या आसपास झाली आणि आज ती अडीचशेच्या घरात आहे. (पेट्रोलमध्ये हाच आकडा १२,००० च्या आसपास येतो. निसर्गाने करोडो वर्षे घेतली त्याचा हा मोबदला.) सप्टेंबर १९८९ मध्ये अ‍ॅपलने ‘मॅकिंटॉश पोर्टेबल’ आणला तेव्हा अभियंत्यांनी पडदा उत्तम हवा, हार्ड डिस्क हवी आणि दिवसभर चालायलाही हवे, असे सगळेच धरून ठेवले. त्यासाठी शिसे-आम्ल बॅटरी घातली. यंत्र दहा तासांपर्यंत चाले, पण वजन सात किलोंच्या वर गेले. आणखी एक गंमत अशी की बॅटरी पूर्ण उतरली असेल तर भिंतीतल्या विजेवरही ते सुरू होत नसे. काहीच सोडायचे नाही असे ठरवले की उचलणाराच सुटून जातो. हे यंत्र खपले नाही.

दोनच वर्षांनी, १९९१ च्या ऑक्टोबरमध्ये, त्याच कंपनीच्या ‘पॉवरबुक’मध्ये एक साधा बदल केला गेला. तोपर्यंत लॅपटॉपचा कळफलक पुढच्या काठाला असे आणि मनगटे हवेत लोंबत. पॉवरबुकमध्ये कळफलक मागे, पडद्याजवळ सरकवला आणि पुढे मनगटे टेकवायला मोकळी जागा ठेवली. मधोमध एक फिरता चेंडू. हा बदल करायला कोणतेही नवे रसायन किंवा नवा प्रोसेसर लागला नाही. आज जगातला जवळजवळ प्रत्येक लॅपटॉप याच मांडणीचा आहे. चेंडूच्या जागी स्पर्शपट्टी आली इतकेच.

त्याच १९९१ साली सोनीने लिथियम-आयन घट बाजारात आणला. स्टॅन्ली व्हिटिंगहॅम यांचे १९७० च्या दशकातले काम, १९८० साली ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांनी शोधलेला लिथियम-कोबाल्ट-ऑक्साइडचा धनाग्र आणि १९८५ साली जपानमध्ये अकिरा योशिनो यांनी जमवलेली सुरक्षित जोडणी, यांवर तो उभा होता. तिघांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. त्याच वजनात दुप्पट ऊर्जा, म्हणजे तेवढ्याच तासांसाठी निम्मे वजन. हे घडले नसते तर किलोभराचा लॅपटॉप कागदावरच राहिला असता.

मात्र या घटाने एक नवी अट घातली. लॅपटॉपमध्ये सर्रास वापरला गेलेला घट ‘१८६५०’ या नावाने ओळखला जातो. हे नाव म्हणजे त्याचे मापच आहे: व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर. आता १८ मिलिमीटर व्यासाचे नळकांडे पोटात घेतलेली पेटी १८ मिलिमीटरपेक्षा बारीक कशी होणार? म्हणून त्या काळातल्या अनेक बारीक लॅपटॉपांत हे घट मागे, बिजागरीपाशी ओळीने बसवलेले दिसतात. तिथे पेटीला थोडा फुगवटा चालतो. पुढे धातूच्या नळकांड्याऐवजी पातळ वेष्टनातले, पिशवीसारखे चपटे घट आले तेव्हा ही अट सुटली. पण नळकांडे मजबूत होते, काढून बदलता येत होते. पिशवी मऊ असते, तिला यंत्राच्या अंगाचाच आधार लागतो. म्हणून ती आतच, बरेचदा डिंकाने चिकटवून बसवली जाऊ लागली. बॅटरी स्वतः बदलण्याची सोय गेली तिचे एक मूळ इथे आहे. नळकांडी घटही निर्दोष नव्हते, हेही सांगायला हवे. २००६ साली सोनीने बनवलेल्या घटांत धातूचे सूक्ष्म कण राहिल्याने आतल्या आत जोडणी होऊन आग लागण्याचा धोका दिसला आणि एकट्या डेल कंपनीने सुमारे ४१ लाख बॅटऱ्या परत मागवल्या. ऊर्जा दाटीवाटीने भरली की तिच्यापासूनचा धोकाही वाढतो. प्रवासी विमानात १०० वॉट-तासांहून मोठी बॅटरी विमान कंपनीच्या परवानगीशिवाय नेता येत नाही. मोठ्या, ताकदवान लॅपटॉपच्या बॅटरीवर ९९ च्या आसपासचा आकडा का दिसतो, याचे कारण हा नियम आहे.

बारीकपणाची दुसरी अडचण शुद्ध यंत्रशास्त्राची आहे. पत्रा वाकण्याला जो विरोध करतो तो त्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात असतो. जाडी निम्मी केली की ताठपणा आठव्या हिश्श्यावर येतो. एका वहीचे पान आणि तिचे पुठ्ठ्याचे मुखपृष्ठ वाकवून पाहिले तर हे लगेच पटते. बारीक झाकण वाकले तर आतल्या पडद्याची काच तडकणार. मग पत्रा कशाचा घ्यावा? पोलादाची घनता ७.८, मॅग्नेशियमची सुमारे १.७४. म्हणजे तेवढ्याच वजनाचा मॅग्नेशियमचा पत्रा साडेचार पट जाड घेता येतो. साडेचाराचा घन नव्वदच्या आसपास. मॅग्नेशियम पोलादापेक्षा मुळात साडेचार पट लवचीक आहे, तेव्हा नव्वदला साडेचाराने भागायचे. तरी २० पट ताठपणा हाती राहतो! १९९७ साली सोनीने ‘वायो ५०५’ हा सुमारे २४ मिलिमीटर जाडीचा लॅपटॉप मॅग्नेशियमच्या मिश्रधातूत बनवला तो याच हिशोबाने. त्याचे वजन १.३५ किलो होते. ग्रिडने पंधरा वर्षांपूर्वी केलेली निवडच, पण या खेपेस बॅटरीसकट.

तिसरी अडचण उष्णतेची. आम्हाला वाटते, रोजच्या वापरात सर्वांत अधिक जाणवणारी आणि दुकानात सर्वांत कमी सांगितली जाणारी हीच.

सीमॉस प्रोसेसरला लागणारी शक्ती स्थूलमानाने कंपनसंख्येच्या प्रमाणात आणि विद्युत्-दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. २००३ च्या मार्चमध्ये इंटेलने ‘पेंटियम-एम’ आणला. इस्रायलमधल्या हैफा येथील गटाने तो मुद्दाम लॅपटॉपसाठी घडवला होता. त्याचा १.६ गिगाहर्ट्‌झचा नमुना घ्या. पूर्ण वेगात त्याला १.४८४ व्होल्ट लागत. काम नसताना तो ६०० मेगाहर्ट्‌झवर उतरे आणि ०.९५६ व्होल्टवर चाले. वेग ०.३७५ पट. दाबाचे गुणोत्तर ०.६४४, त्याचा वर्ग ०.४१५. गुणाकार सुमारे ०.१५६. पूर्ण वेगातली त्याची शक्ती २४.५ वॉट, म्हणजे मंद वेगात ती ३.८ वॉट यायला हवी. कंपनीने दिलेला आकडा मात्र ६ वॉट आहे. वरचे सव्वादोन वॉट कुठे गेले? ट्रान्झिस्टर अतिसूक्ष्म झाल्यावर ते बंद असतानाही थोडी वीज झिरपू लागते. आपल्या सूत्रात ती धरलेली नाही. अकरावी-बारावीच्या मुलांना हे उदाहरण जरूर द्यावे. सूत्र आणि वास्तव यांत फरक पडतो तेव्हा त्या फरकालाही कारण असते.

आता ही उष्णता बाहेर कशी जाणार? पंखा असेल तर आतल्या तापलेल्या पट्ट्यांवरून हवा ढकलली जाते. पण पंख्याला जाडी लागते, तो आवाज करतो आणि धूळ ओढतो. पंखा काढला तर सगळी उष्णता अंगातूनच गेली पाहिजे. तेरा इंची लॅपटॉपचे अंग साधारण ३० बाय २१ सेंटिमीटर, म्हणजे एका बाजूचे क्षेत्रफळ ०.०६३ चौरस मीटर, दोन बाजू मिळून ०.१२६. स्थिर हवेत, अभिसरण आणि प्रारण मिळून, दर चौरस मीटरला दर अंश फरकामागे सुमारे १० वॉट बाहेर पडतात असे धरू. हाताला सोसवेल असे कमाल तापमान ४५ अंश. खोली २५ अंशांची असेल तर फरक २० अंश, आणि बाहेर पडू शकतात २५ वॉट. अंग सगळीकडे सारखे तापत नाही आणि खालची बाजू टेबलावर असते, म्हणून प्रत्यक्षात निम्मेच धरा, १२ वॉट. युरोपातल्या कचेरीत हे छान जमते. आता हाच लॅपटॉप एप्रिलमध्ये अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या वर्गात आणा. खोली ४० अंशांची. फरक पाचच अंश. बाहेर पडणार तीन वॉट! उरलेला उपाय यंत्र स्वतःच करते: आपला वेग कमी करते. मुलांना वाटते संगणक बिघडला. तो बिघडलेला नसतो. तो त्या हवेसाठी बेतलेला नसतो.

२००७-०८ या दीड वर्षात हलका संगणक म्हणजे काय, या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे समोर आली, म्हणून तो काळ आम्हाला महत्त्वाचा वाटतो.

एक उत्तर ‘एक मूल, एक लॅपटॉप’ या प्रकल्पाचे. निकोलस निग्रोपोंटी यांनी २००५ साली १०० डॉलरच्या संगणकाची घोषणा केली होती. २००७ साली तयार झालेल्या ‘एक्सओ-१’ची किंमत मात्र १८८ डॉलरच्या आसपास पडली. वजन दीड किलोच्या आत, प्रोसेसर ४३३ मेगाहर्ट्‌झचा, म्हणजे त्या काळच्या मानाने मंद, आणि हार्ड डिस्क नाही. पण मेरी लू जेप्सन यांनी घडवलेला पडदा भर उन्हात कृष्णधवल होऊन वाचता येई. कळफलक रबरी आवरणाचा, धूळ न शिरणारा. यंत्र सामान्य स्क्रू-ड्रायव्हरने उघडे आणि मुठीच्या पोकळीत जादा स्क्रू ठेवलेले असत. केंद्र सरकारच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने २००६ साली या प्रकल्पाला नकार दिला होता. तरी २००७ मध्ये रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात गावातील एकशिक्षकी शाळेत तो प्रायोगिक पातळीवर सुरू झाला, आणि पहिली ते चौथीच्या मुलांच्या हाती ही हिरवी-पांढरी यंत्रे आली. प्रकल्प जगभर अपेक्षेइतका पसरला नाही. नुसते यंत्र दिल्याने शिक्षण घडत नाही ही त्यावरची टीका आम्हालाही बरीचशी पटते. पण आराखडा म्हणून पाहिले तर ज्याच्यासाठी बनवायचे त्याचे ऊन, धूळ आणि पडझड हिशोबात धरणारे दुसरे यंत्र पटकन आठवत नाही. त्याच वर्षी तैवानच्या असूसने ‘ई-पीसी’ हा किलोहून हलका, सात इंची, ४ गिगाबाइट साठवणुकीचा स्वस्त संगणक आणला आणि लोकांनी तो भराभर घेतला.

दुसरे उत्तर जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्ज यांनी कागदी पाकिटातून बाहेर काढून दाखवले. ‘मॅकबुक एअर’: वजन १.३६ किलो, जाडी सर्वांत जास्त तिथे १९.४ मिलिमीटर, किंमत १,७९९ डॉलर. पडदा आणि कळफलक पूर्ण आकाराचे ठेवले. मग काय गेले? सीडीचा कप्पा गेला. तारेच्या नेटवर्कचे खोबण गेले. ते खोबणच एक सेंटिमीटरहून जाड असते. यूएसबी एकच उरली. स्मृती पटलावर कायमची डाखली. बॅटरी आत बंद झाली. हार्ड डिस्क छोटी आणि मंद घ्यावी लागली. प्रोसेसरसाठी इंटेलला लहान आवरण करावे लागले. टीका भरपूर झाली. पण २०१० मध्ये फिरत्या चकतीऐवजी फक्त फ्लॅश स्मृती घेऊन, किंमत ९९९ डॉलरपासून ठेवून तो पुन्हा आला, तेव्हा टीकाकार गप्प झाले. २०११ साली इंटेलने इतर कंपन्यांसाठी ‘अल्ट्राबुक’ची व्याख्याच केली, त्यात जाडीची मर्यादा २१ मिलिमीटरच्या आसपास होती. येथून पुढे मिलिमीटर हा जाहिरातीचा आकडा झाला.

वजन आणि जाडी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे इथे सांगायला हवे. वजन खांद्याला कळते. दोन किलोऐवजी सव्वा किलो दप्तरात असणे हा खरा लाभ आहे. पण १८ मिलिमीटरचे १४ झाले तर कोणाला काय मिळते? दप्तरात ते चार मिलिमीटर सापडतही नाहीत. २०१५ सालचा अ‍ॅपलचा १२ इंची मॅकबुक १३.१ मिलिमीटरचा होता; पंखा नाही, खोबण एकच. त्यासाठी कळेची यंत्रणाच बदलली. कळ खाली जाण्याचे अंतर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आले आणि धुळीचा एखादा कणही कळ अडवू लागला. हीच यंत्रणा इतर नमुन्यांतही गेली. तक्रारी इतक्या वाढल्या की जून २०१८ मध्ये कंपनीला मोफत दुरुस्तीची योजना काढावी लागली आणि नोव्हेंबर २०१९ पासून एक मिलिमीटर खोलीची जुन्या पद्धतीची कळ परत आणावी लागली. अर्ध्या मिलिमीटरचा हा धडा चार वर्षे चालला! २०२१ च्या मोठ्या नमुन्यांत तर काढून टाकलेली खोबणेही परतली आणि यंत्र थोडे जाड झाले. कोणी तक्रार केल्याचे ऐकिवात नाही.

मधल्या काळात उष्णतेचे गणित बरेच सुधारले. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या ‘एम-१’ प्रोसेसरच्या मॅकबुक एअरला पंखा नव्हता, तरी तो अनेक पंखेवाल्या लॅपटॉपांहून वेगवान होता. दर वॉटमागे होणारे काम वाढले तर बारीकपणाची किंमत कमी होते. वर दिलेले ४० अंशांचे गणित मात्र त्यालाही चुकत नाही.

राहिला प्रश्न दुरुस्तीचा. ‘बारीक हवे म्हणून सगळे डाखले’ असे सांगितले जाते. ते कितपत खरे? २०२१ साली अमेरिकेतल्या फ्रेमवर्क या छोट्या कंपनीने १५.८५ मिलिमीटर जाडीचा, १.३ किलोचा लॅपटॉप काढला. त्यात स्मृती, साठवण, बॅटरी, पडदा, खोबणेसुद्धा वापरणाऱ्याला बदलता येतात आणि स्क्रू-ड्रायव्हर सोबत मिळतो. म्हणजे ‘सगळे’ हा शब्द खोटा ठरला. पण तो पुरता खोटाही नाही. याच कंपनीने २०२५ मध्ये आणलेल्या टेबलावरच्या संगणकात स्मृती डाखलेली आहे, कारण त्या प्रोसेसरला स्मृती इतक्या वेगाने हवी की खोबणीतून जाणारी वाट त्याला लांब आणि अस्वच्छ पडते. स्मृती जवळ डाखली की वीज कमी लागते हे भौतिकी सत्य आहे. बॅटरी डिंकाने चिकटवण्याला मात्र असे सत्य शोधावे लागते. २०२४ मध्ये लेनोव्होच्या एका लॅपटॉपात स्क्रूने बसवायची पातळ, कमी विजेची स्मृती-पट्टी आली, म्हणजे पहिल्या बाबतीतही वाट अगदीच बंद नाही. युरोपीय संघाच्या २०२३ च्या बॅटरीविषयक नियमानुसार, काही अपवाद वगळता, फेब्रुवारी २०२७ पासून वाहून नेता येणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला काढता आली पाहिजे.

शाळेत एखादा लॅपटॉप असेल तर त्यावर एक प्रयोग करता येईल. बॅटरीची क्षमता वॉट-तासांत, तिच्या पट्टीवर किंवा यंत्राच्या बॅटरी अहवालात, सापडते. त्या अहवालात नवी असतानाची आणि आजची, असे दोन आकडे दिलेले असतात, आजचा घ्यावा. पूर्ण चार्ज करून पडदा सर्वांत तेजस्वी ठेवावा, एकच चित्रफीत पुन्हा पुन्हा लावावी आणि किती तास लागले ते मोजावे. वॉट-तासांना तासांनी भागले की सरासरी वॉट मिळतात. मग पडदा निम्म्यावर आणून तेच पुन्हा करावे. दोन उत्तरांतला फरक हा जवळपास सगळा पडद्याचा. हे एकदा डिसेंबरात आणि एकदा एप्रिलात केले, आणि दोन्ही वेळा खोलीचे व यंत्राच्या पाठीचे तापमान लिहून ठेवले, तर मुलांना फळ्यावरचे १० वॉटचे गणितही स्वतःच्या आकड्यांनी तपासून पाहता येईल.